टोचनगाडीला जादा टाकी हवी कशाला?

आमच्या पिंपळगाव बसवंतला मुंबई–आग्रा महामार्गाच्या कडेला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची टोचनगाडी उभी असते. 'टोचन' हा शब्द शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून नेणे म्हणजे टोचन. त्याच्याकडे एक पिकअप व्हॅन आहे. तिच्या मागे लोखंडी दांडा आणि हूक बसवलेला आहे. बिघडलेल्या मोटारीचे नाक हुकाने उचलायचे, तिची मागची चाके जमिनीवर ठेवायची आणि ओढत गॅरेजला न्यायचे, हा त्याचा धंदा. द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या हंगामात महामार्गावर गाड्यांची इतकी वर्दळ असते की त्याला झोप मिळत नाही.

काही महिन्यांपूर्वी तो एक कागद घेऊन घरी आला. कागदावर पेन्सिलीने काढलेली एक पेटी होती. "सर, गाडीला शंभर लिटरची जादा टाकी बसवतोय. मिस्त्रीने पत्रा कापायला घेतलाय. तुम्ही एकदा नजर टाका."

मी विचारले, "गाडीची मूळ टाकी केवढी?"

"साठ लिटरची."

"मग ती पुरत नाही का?"

यावर त्याने मला जानेवारी २०२४ ची आठवण करून दिली. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकांना नव्या न्याय संहितेत जी शिक्षा सांगितली होती तिच्याविरुद्ध त्या वर्षाच्या पहिल्या दोन दिवसांत वाहनचालकांनी चाके थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर बाहेर पडेनात आणि पंपांवर रांगा लागल्या. त्या दोन दिवसांत त्याची गाडी डिझेलअभावी उभी होती आणि दोन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. ते दुःख त्याच्या मनात घर करून होते. शंभर लिटर पाठीशी असले म्हणजे कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, असा त्याचा हिशेब.

मी त्याला ताबडतोब 'नको' म्हणालो नाही. जादा टाकी ही मुळात वाईट गोष्ट आहे असे माझे मत नाही. लांब पल्ल्याच्या कित्येक मालमोटारींना कारखान्यातूनच दोन टाक्या बसवून मिळतात. परंतु कारखान्यात बसवलेली टाकी आणि आपण गावात बसवलेली टाकी यांत फरक कोणता, तो नीट पाहिल्याशिवाय मत देऊ नये. म्हणून आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या संध्याकाळचे गणित मी येथे देत आहे. विद्यार्थ्यांनी ते स्वतः करून पाहावे आणि शिक्षकांनी वर्गात घ्यावे, अशी माझी इच्छा आहे.

प्रथम वजन. मिस्त्रीची पेटी १ मीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच होती. घनफळ बरोबर १०० लिटर. डिझेलची घनता पाण्यापेक्षा कमी, लिटरला सुमारे ०.८३ किलोग्रॅम, म्हणजे डिझेल ८३ किलो. पेटीच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटर. पत्रा दोन मिलिमीटर जाडीचा घेतला तर त्याचे वजन सुमारे २४ किलो. पट्ट्या, बोल्ट धरून आणखी दहा किलो. एकूण ११७ किलो, म्हणजे दोन माणसांचे ओझे.

"एवढे ओझे रोज वाहायचे, डिझेल जास्त खाईल," असे पुष्कळ लोक सांगतात. मलाही तसेच वाटत होते. गणित केल्यावर मात्र तो मुद्दा मी सोडून दिला. सपाट रस्त्यावर चाकांचा घर्षणरोध वजनाच्या साधारण दीड टक्का धरला तर ११७ किलोसाठी सुमारे १७ न्यूटन बल जादा लागेल. शंभर किलोमीटरला १७ लाख ज्यूल. इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के धरा आणि एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६० लाख ज्यूल ऊर्जा असते हे लक्षात घ्या. जादा खर्च शंभर किलोमीटरला पाव लिटरहूनही कमी येतो. तेव्हा ही टाकी गाडीला आर्थिकदृष्ट्या बुडवील असे सांगणे खोटेपणाचे होईल. आपल्या बाजूचा मुद्दा असला तरी तो खोटा असेल तर तो वापरू नये.

खरा प्रश्न ओझे किती हा नसून ओझे कोठे हा आहे.

मिस्त्रीने जागा सुचवली होती ती गाडीच्या शेपटाखाली, जेथे जादा चाक टांगलेले असते तेथे. आता ही गाडी म्हणजे एक तरफ आहे असे समजा. मागचा आस हा टेकू. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ३ मीटर. हूक मागच्या आसाच्या मागे १.२ मीटरवर आहे. हुकाला मोटारीचे नाक उचलले की त्यावर समजा ४०० किलो भार येतो. परिबलांचा नियम लावा: ४०० गुणिले १.२ भागिले ३, म्हणजे १६०. पुढच्या चाकांवरचा भार १६० किलोंनी कमी होतो आणि मागच्या चाकांवरचा ५६० किलोंनी वाढतो. मुलांना हे नेहमी चमत्कारिक वाटते. चारशे किलो लादले आणि मागे पाचशे साठ वाढले कसे? पुढचे एकशे साठ मागे आले म्हणून. सीसॉवर बसलेल्या पोराला विचारा, तो लगेच सांगेल.

आता शेपटाखाली टाकी टांगली. तिचा मध्य आसामागे ०.८ मीटरवर. ११७ गुणिले ०.८ भागिले ३ म्हणजे सुमारे ३१ किलो. पुढच्या चाकांवरून एकूण १९१ किलो उचलले गेले. रिकाम्या गाडीचा पुढचा भार ९०० किलो असेल तर एक पंचमांशाहून अधिक भार नाहीसा झाला. सुकाणू पुढच्या चाकांना जोडलेले आहे आणि ब्रेक दाबताना बहुतेक काम पुढचीच चाके करतात. ती रस्त्याला जितकी कमी दाबलेली, तितके घर्षण कमी, तितकी गाडी चालकाचे कमी ऐकणार. चांदवडच्या पुढे राहूड घाट उतरताना मागे दुसऱ्याची मोटार लोंबकळते आहे आणि हातातले चाक हलके लागते आहे, ही कल्पना मला तरी बेचैन करते.

असाच प्रश्न दुसऱ्या महायुद्धात फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला होता. अमेरिकेच्या मस्टँग या लढाऊ विमानाने इंग्लंडातून निघून बर्लिनपर्यंत जावे म्हणून वैमानिकाच्या पाठीमागे सुमारे ३२० लिटरची एक जादा टाकी बसवली. शिवाय पंखांखाली टाकून देण्याजोग्या टाक्या लावल्या. त्यांतल्या काही तर चक्क दाबलेल्या कागदाच्या होत्या. मार्च १९४४ मध्ये ही विमाने बर्लिनवर पोहोचली. परंतु पाठीमागची टाकी भरलेली असली की विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरके आणि जोराचे वळण घेताना विमान बेभरवशाचे होई. म्हणून वैमानिक निघाल्यावर त्या टाकीतले इंधन आधी जाळून टाकीत. पल्ला वाढला, पण त्याची किंमत स्थैर्यात मोजावी लागली. युद्धात ती किंमत द्यावी लागली असेल. पिंपळगावहून धुळ्याला जाताना ती का द्यायची?

मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग सर, टाकी केबिनच्या पाठीला लावू. तिथे तुमची तरफ काही करणार नाही."

उत्तर हुशारीचे होते आणि तरफेपुरते बरोबरही होते. दोन आसांच्या मध्ये ठेवलेले ओझे पुढच्या चाकांना दाबतेच. परंतु आता टाकी हौद्यात, म्हणजे मूळ टाकीपेक्षा वर आली. दोन भांडी तळाशी नळीने जोडली की द्रव दोन्हींत एकाच पातळीला येतो, हे आपण खालच्या वर्गांतच शिकतो. वरच्या टाकीतले डिझेल खालच्या टाकीत उतरू लागेल, ती भरेल, आणि मग हवेच्या नळीतून रस्त्यावर वाहू लागेल. मध्ये कॉक बसवला तर तो आठवणीने बंद करायला हवा. रात्री दोन वाजता पावसात हूक लावणाऱ्या माणसाची आठवण किती भरवशाची असते?

याहून एक बारीक गोष्ट आहे. ती मिस्त्रीला ठाऊक होती, मला नव्हती. डिझेल इंजिनाचा पंप इंजिनाला लागते त्यापेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि उरलेले दुसऱ्या नळीने टाकीत परत पाठवतो. आता ओढायची नळी जादा टाकीला जोडली आणि परतीची नळी मूळ टाकीलाच राहिली, तर जादा टाकी रिकामी होत जाते आणि मूळ टाकी गुपचूप भरत जाते. काटा फक्त मूळ टाकीचे सांगतो. चालकाला वाटते, डिझेल वाढतेच आहे! मिस्त्री म्हणाला, "सर, अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. मालक म्हणाला, मीटर उलटं चालतंय." आम्ही सगळे हसलो. पण ते जादा डिझेल शेवटी कोठे सांडले असेल याचा विचार केल्यावर हसू थांबले.

मिस्त्रीविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. 'गावठी काम' म्हणून नाक मुरडणारे लोक मला आवडत नाहीत. या माणसाचे वेल्डिंग मी पाहिले आहे. टाकी जोडून झाली की आत थोडी हवा भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावतो आणि बुडबुडा दिसतो का ते पाहतो. प्रयोगशाळेत आम्ही याहून चांगली रीत शिकवत नाही. जुने पिंप कापून टाकी बनवायला तो साफ नकार देतो. त्याचे कारण प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ती पेटते. भरलेल्या पिंपात हवाच नसते, पण रिकाम्या पिंपात तळाला राहिलेल्या चमचाभर पेट्रोलची वाफ आणि हवा नेमकी या प्रमाणात मिसळलेली असू शकते. म्हणून रिकामे पिंप भरलेल्यापेक्षा घातक. त्यावर वेल्डिंगची ठिणगी पडली तर काय होईल हे सांगायला नको.

डिझेलचे थोडे निराळे आहे, आणि त्यामुळेच लोक बेफिकीर होतात. सांडलेल्या थंड डिझेलवर काडी टाकली तर ती बहुधा विझते, हे पाहून 'डिझेल पेटत नाही' असा समज झालेला आहे. ज्या तापमानाला द्रवावर पुरेशी वाफ जमून ठिणगी लागताच क्षणभर भडका उडतो, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा तो शून्याखाली कितीतरी अंश आहे. डिझेल पेट्रोलियमच्या नियमांत 'ब' वर्गात मोडते, म्हणजे त्याचा फ्लॅश पॉइंट २३ अंश किंवा अधिक, पण ६५ अंशांहून कमी. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या हौद्याच्या पत्र्याला हात लावून पाहा. शिवाय फुटलेल्या टाकीतून डिझेल डबक्यासारखे शांत बसत नाही. ते तुषारांच्या रूपाने उडते, आणि तुषार तापलेल्या धुराड्यावर सहज पेटतात.

शंभर लिटर डिझेलमध्ये ३६० कोटी ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे विजेची १००० युनिटे. महिन्याला शंभर युनिटे वापरणाऱ्या घराला ती दहा महिने पुरतील. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे नाशिकमध्ये बस आणि मालमोटार यांच्या टकरीनंतर लागलेल्या आगीत १२ जण गेले. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ उलटलेल्या बसची डिझेलची टाकी फुटून २५ जण जळून गेले. या वाहनांना जादा टाक्या होत्या असे मी मुळीच म्हणत नाही. कारखान्याने विचारपूर्वक जागा ठरवून, चाचण्या घेऊन बसवलेल्या टाकीचेही अपघातात असे होऊ शकते, एवढेच मला दाखवायचे आहे. मग केबिनच्या पाठीला, चालकाच्या मणक्यापासून हातभर अंतरावर, चार बोल्टांवर उभी असलेली टाकी कशी वागेल?

बोल्टांवर येणारे बल एकाच दिशेचे नसते, हेही आहे. टाकीतले डिझेल स्वस्थ बसत नाही. आमच्याकडे द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागे फवारणीचा ब्लोअर ओढणाऱ्या कोणालाही विचारा. पाण्याने पूर्ण भरलेला ब्लोअर निमूट चालतो. अर्धा झाला की वळणावर धक्के देऊ लागतो. टाकी आडवी बसवली आणि ती अर्धी भरलेली आहे असे समजा. ताशी ४५ किलोमीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर बाजूचे त्वरण सेकंदाला सेकंदाला सुमारे ३.१ मीटर येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ एक तृतीयांश. डिझेलचा पृष्ठभाग तेवढ्याच उताराने कलतो. मीटरभर लांबीच्या टाकीत मध्यापासून टोकापर्यंत फरक १६ सेंटिमीटर. डिझेलची खोली मात्र साडेबारा! एका टोकाला डिझेल छताला टेकते आणि दुसऱ्या टोकाचा तळ उघडा पडतो. ओढणीची नळी त्या टोकाला असेल तर पंप डिझेलऐवजी हवा ओढतो, आणि डिझेल इंजिनाच्या नळीत हवा शिरली की इंजिन बंद पडते. वळणावर, घाटात, मागे दुसरी गाडी लावलेली असताना. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला आणि सुकाणूला मिळणारी मदतही एकदोन दाबांत संपली.

यावर उपाय आहे. टाकीत भोके पाडलेले आडवे पत्रे बसवतात. मिस्त्री त्यांना 'बॅफल' म्हणतो. डिझेल भोकांतून जाते पण धावत जाऊ शकत नाही. त्याच्या नकाशात एक बॅफल होता, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. तसेच टाकी काठोकाठ भरू नये. पहाटे १० अंशांना भरलेले १०० लिटर डिझेल दुपारी ४५ अंशांना जवळजवळ तीन लिटरने फुगते. निफाड तालुक्यातल्या हिवाळ्यात असा फरक अगदीच अशक्य नाही. हवेची नळी हवी, नाही तर डिझेल ओढले जाताच आत पोकळी निर्माण होते. तेलाच्या डब्याला दोन भोके का पाडतात तेच कारण. ही सगळी यादी वाचून कोणी म्हणेल, मग सगळे नीट करून बसवू या. कारखान्यात नेमके हेच करतात, आणि त्यासाठी धडकीच्या चाचण्या घेतात. त्या चाचण्या मिस्त्रीला घेता येत नाहीत. त्याच्या कौशल्यात उणीव आहे म्हणून नव्हे, तर एक गाडी मोडून पाहण्याइतका पैसा कोणाजवळच नसतो म्हणून.

कायद्याचे मी मुद्दाम शेवटी सांगितले. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने मुळात दिलेला आणि नोंदणीत लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले आहे. पण 'साहेब पकडतील' हे कारण प्रथम सांगितले की तरुण माणूस साहेब नसलेला रस्ता शोधतो. तरफेला असा आडरस्ता नाही.

मग त्याची अडचण कशी सोडवायची? आम्ही त्याच्या वहीतून आकडे काढले. मोकळी गाडी लिटरला १२ किलोमीटर, टोचन लावल्यावर ६. धुळे आमच्यापासून सुमारे १३० किलोमीटर. ओढत जायला २२ लिटर, मोकळे परत यायला ११. एकूण ३३! साठ लिटरच्या टाकीत धुळ्याची फेरी होऊन २७ लिटर शिल्लक राहतात. वर्षभरात त्याची एकही फेरी यापेक्षा लांब झालेली नव्हती. गेल्या वर्षी दोन वेळा गाडी डिझेलअभावी थांबली, तेव्हा दोन्ही वेळा टाकी आदल्या रात्री पाव भागाच्या खाली होती. जानेवारी २०२४ मध्येही तसेच. काटा अर्ध्यावर आला की भरायचे, एवढा नियम त्याने पाळला असता तर त्या दोन दिवसांतली गिऱ्हाइकेही गेली नसती.

येथे मला शिक्षक बंधुभगिनींशी थोडे भांडायचे आहे. हा मुलगा माझ्याच वर्गात बसून गेला. परिबलांवरची उदाहरणे त्याने पूर्ण गुणांनी सोडवली होती. त्यांत वजनहीन दांडा असे आणि टेकू म्हणून एक त्रिकोण. स्वतःची गाडी हा तो दांडा आहे हे त्याला दिसले नाही, आणि दिसावे म्हणून मीही कधी काही केले नाही. शाळेपासून दोनशे पावलांवर मिस्त्रीचे दुकान आहे. वर्षातून एक तास वर्ग तेथे नेला तर अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती आपल्याला वाटते. मला वाटते तसे होणार नाही. फार तर मुलांचे कपडे काळे होतील.

त्याने टाकी बसवली नाही. मात्र पत्रा कापून झालेला होता, आणि मिस्त्रीने वरचे झाकण व बॅफल सोडून पेटी जोडूनही टाकली होती. ती त्याच्या दुकानाबाहेर पडून होती. गेल्या पंधरवड्यात मी अकरावीच्या आठ-दहा मुलांना तेथे नेले. पेटीत साडेबारा सेंटिमीटर पाणी भरले. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग म्हणजे खोली आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. तो सेकंदाला १.१ मीटर येतो. तेव्हा मीटरभर जाऊन परत यायला लाटेला १.८ सेकंद, दहा फेऱ्यांना १८ सेकंद, असे मुलांनी आधी फळीवर खडूने लिहून ठेवले. मग एकाने पेटीचे एक टोक किंचित उचलून सोडले आणि बाकीचे मोजू लागले. साडेअठरा आले. अर्धा सेकंद कोठे गेला यावर परतीच्या वाटेवर वाद चालला होता, एक मुलगी म्हणाली, "सर, पाणी तेवढं उथळ नाही ना." तिचे बरोबर आहे, आणि त्याचे गणित तिने पुढच्या आठवड्यात करून आणायचे ठरले आहे.